समोरच्या काकांची लिली

पानावरचा डाग बघून घरातल्या माणसाचा स्वभाव सांगणारा इसम अख्ख्या वसई-विरारमध्ये एकच होता, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहत होता. फुलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि प्रत्येक घरात निदान एक कुंडी. कोणत्याही पानावर डाग पडला की माणसं आधी समोरच्या काकांकडे येत आणि मग, झाड उरलंच तर, नर्सरीत जात. काकांनी सारी नोकरी मुंबईतल्या एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसांच्या फासळ्या बंद झाल्या, तेव्हा ते पानांकडे वळले. आणलेलं पान चिमटीत धरून ते खिडकीतल्या उजेडासमोर नेत, एक डोळा मिटत आणि जुन्या सवयीनं म्हणत, "श्वास रोखा." पान आणणारा खरोखर श्वास रोखायचा. मीही रोखलाय.

डाग म्हणजे डाग, असं काकांसमोर म्हणायची सोय नव्हती. कोरडा, गोल, तपकिरी डाग आणि त्याभोवती पिवळं कडं असलं की बुरशी. डाग ओलसर, तेलकट आणि वास मारणारा असला की चेहरा गंभीर करून "जिवाणू" म्हणायचे आणि स्पिरिटनं कात्री पुसून तुमच्यादेखत ते पान देठापासून उडवायचे. नुसत्या कडा करपल्या असतील तर टँकरच्या पाण्यातला खार. खिडकीकडची बाजूच तेवढी भाजली असेल तर ऊन, "याला औषध नको, पडदा शिवा." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा मनीप्लांट कडेवर घेऊन रडकुंडीला येऊन उभ्या राहिल्या, पानभर पांढरे ठिपके. काकांनी एक ठिपका नखानं खरवडला आणि विचारलं, "घरात रंगकाम काढलंय का?" काढलं होतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी नवीकोरी, ठिपक्याठिपक्यांच्या पानांचीच जात असलेली कुंडी आणली. ती काकांनी "जन्मखूण आहे" असं सांगून परत पाठवली.

पानांवर हौसेनं पाणी शिंपडणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "मुळांना पाणी, पानांना ओलं फडकं! संध्याकाळी भिजवलेलं पान रात्रभर ओलं राहणार, मग बुरशी येणार नाही तर काय पाहुणे येणार?" दोन कुंड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की ते दुसऱ्याच्या घरातसुद्धा त्या हातानं लांब करत, मध्ये वारा खेळायला हवा म्हणून. संशयित झाडं जिन्यात मीटरच्या पेट्यांखाली विलगीकरणात ठेवली जात आणि प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी लावलेली असे. विरारच्या एका हॉलमध्ये आमच्या शेजारच्या मुलीचं रिसेप्शन होतं. काका स्टेजवर चढले, आहेराचं पाकीट दिलं आणि फोटो निघतोय तोवर शेजारच्या शोभेच्या कुंडीतली पानं उलटी करून बघू लागले. "याला कोळी लागलाय," असं त्यांनी मुलीच्या वडिलांच्या कानात सांगितलं आणि त्या बिचाऱ्यांनी दचकून कोटच झटकला. अल्बममध्ये तो फोटो आहे. नवरानवरी हसतायत, मुलीचे वडील नाचल्यासारखे दिसतायत आणि काकांचं डोकं झाडात आहे.

तर अशा या काकांच्या स्वतःच्या घरात झाडं सांभाळायच्या त्या काकू. मुलीचं बाळंतपण आलं तशा काकू पुण्याला गेल्या. जाताना दारात उभं राहून त्यांनी एकच बजावलं, "बाकीचं गेलं तरी चालेल, माझ्या लिलीला जपा." ही पीस लिली त्यांनी सात वर्षं वाढवली होती. तिचाच एक फुटवा त्यांनी मला दिला होता. काका हसून म्हणाले, "अगं, तू कोणाला सांगतेयस!"

दीड महिन्यात लिलीच्या पानावर पहिला डाग पडला. काकांनी संसर्ग नको म्हणून बाकीच्या सात कुंड्या उचलून माझ्याकडे आणून ठेवल्या. लिली एकटी राहिली आणि डाग वाढत गेले. रोज सकाळी अकराला काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा आणि काका लगेच फोन कुंडीसमोर धरत. आधी डागाळलेली बाजू भिंतीकडे फिरवून ठेवत. पानं गळत गेली तशी कुंडी रोज थोडी जास्त फिरायची. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं, त्यामुळे काकांचं "बघ, बघ, कशी टवटवीत आहे!" मला दारातून ऐकू यायचं. जिन्यात भेटले की मी हळूच विचारायची, "लिली कशी आहे?" काका नकारार्थी मान हलवायचे. त्यांची झोप उडाली होती. बुरशीचं औषध झालं, कात्री झाली, जागा बदलून झाली, तरी उपयोग शून्य.

अखेर निदान केलं ते वसईजवळच्या पापडीहून केळी आणि भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी. टोपली टेकवताना त्यांनी लिलीच्या मातीत बोट खुपसलं आणि हुंगून बघितलं. "काका, कुजलीत मुळं. इतकं पानी कोन घालतंय हिला?"

"मी घालतो. फार नाही, शिळं पाणी तेवढं."

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. ताजं यायच्या आत बादलीतलं शिळं संपवायचं आणि ते झाडांना ओतायचं, हे सोळाही घरांत चालतं. काकूही तेच करायच्या, पण एक बादली आठ कुंड्यांत वाटून. आता सात कुंड्या माझ्याकडे होत्या आणि अख्खी बादली एकट्या लिलीच्या वाट्याला येत होती. गावभरच्या झाडांची खाण्यापिण्याची चौकशी करणाऱ्या काकांनी स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता. मावशी गेल्यावर त्यांनी बादली उचलून मोरीत उपडी घातली.

लिलीची तीनच पानं उरली होती आणि कॉलला दहा मिनिटं होती. काका माझ्या दारात आले. "तुझी लिली दे. फक्त अकरा ते सव्वाअकरा." मी दिली. तिला नुकतंच पहिलं पांढरं फूल आलं होतं. "हे फूल खुडतेस का?" त्यांनी विचारलं. मी साफ नकार दिला. मग फुलाला मागे दडपून त्यांनी कुंडी टेबलावर मांडली आणि मी पंखा बंद करायला धावले, पण तोवर कॉल लागला आणि वाऱ्यानं फूल वर आलंच.

"अहो, फूल?" काकू फोनमधून म्हणाल्या. "आपल्या लिलीला सात वर्षांत फूल आलं नाही. ही समोरच्या पोरीची लिली आहे. आपली कुठाय?"

काका पडलेल्या आवाजात म्हणाले, "तीन पानं उरलीत. पाणी जास्त झालं. चूक माझीच."

"मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. कुंडी फिरवत होतात तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"निदान उत्साहानं बोलत तरी होतात. आता ते झाड बाजूला करा आणि तुम्ही समोर बसा. पाच महिने पानंच बघतेय मी."

काका समोर बसले. दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. काकू स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. "डोळे असे खोल का गेलेत? रात्री जेवता काय?"

"दूधपोळी."

"रोज?"

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मला खरोखर लाज वाटली. दहा पावलांवर राहून मीसुद्धा इतके दिवस लिलीचीच चौकशी करत होते.

चौथ्या दिवशी काकू आल्या आणि पंधरा दिवसांनी काकांना घेऊन पुण्याला गेल्या. आता समोरच्या दाराला कुलूप आहे. जिन्यात मीटरच्या पेट्यांखालची जागा रिकामी आहे. पान घेऊन आलेली माणसं कुलूप बघून माझी बेल वाजवतात आणि मी त्यांना पाणी कमी करायला सांगते. मला काकांची फार आठवण येते.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तब्येत सुधारलीय, नात मांडीवर बसते, काकू गरम जेवायला घालतात. "फक्त इथे कुणी पान घेऊन येत नाही गं," ते म्हणाले. मग मी म्हटलं, "काका, माझ्या लिलीवर एक डाग दिसतोय." त्यांनी तिकडून ओरडून चष्मा मागितला, मला उजेडाकडे वळायला लावलं, पान उलटं करायला लावलं, सुलटं करायला लावलं. पान स्वच्छ हिरवंगार होतं. काका बराच वेळ ते न्याहाळत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "अगदी सुरुवात आहे. उद्या याच वेळी पुन्हा दाखव."