पाहुण्यांसोबत आलेलं पाणी

ओझरच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि आमच्या नात्यात इंग्रजी बोलणारा म्हणून माझी ख्याती होती. ती काही मी कष्टाने कमावली नव्हती. बाकी कुणाला येत नसल्याने आपोआप माझ्या वाट्याला आली होती. त्यामुळे थोरल्या ताईच्या गावी परदेशी बाई येणार म्हटल्यावर दुभाष्या म्हणून मलाच बोलावणं आलं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट.

ताईचं शेत कालव्याच्या चारीवर, अगदी शेवटाला. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारा लहान पाट. वरच्या अंगाची द्राक्षं पोटभर पाणी प्यायची आणि शेवटाला पोचायची ती फक्त पाणी सुटल्याची बातमी. तेव्हा नवीन टूम निघाली होती: शेतकऱ्यांनी संस्था काढायची, पाणी मोजून घ्यायचं, वाटपही आपणच करायचं. यामागे बाहेरच्या देशांचा पैसा आहे, जगभर पाण्यावर परिषदा चालल्यात, असं कालव्याचे साहेब सांगत. गावाने सह्या केल्या. ताईच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, केली नाही.

"आज मोजतील, उद्या भाव लावतील, परवा माझ्या विहिरीवर मीटर बसवतील," दाजी म्हणाले. "जगाला माझ्या पाण्याची काळजी कधीपासून वाटाया लागली?"

मी पेपरात वाचलेलं ऐकवलं, की पाणी साऱ्या मानवजातीचं आहे.

"मग मानवजातीला सांगा पाहुणे, दोन दिस वरच्या वावरांची दारं बंद ठेव म्हणावं."

त्या वर्षी ताईने गुढीपाडव्याच्या बाजारासाठी झेंडू लावला होता. विहिरीने तळ गाठला होता, चारीचं पाणी दोन पाळ्या आलंच नव्हतं, आणि कळ्या धरल्या होत्या. एक पाणी मिळालं तर फूल, नाही तर सगळं वाळून सरपण.

संस्थेचं पाणीवाटप पाहायला बाई यायच्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरलो, तर चारी तुडुंब! मला आनंद झाला. दाजी मात्र काठावर उकिडवे बसून, दारात अनोळखी माणूस उभा राहावा तसे त्या पाण्याकडे बघत होते.

"आपलं नाय हे. पाहुण्यांचं पाणी हाय. वरच्या दर दारावर साहेबाचा माणूस बसवलाय. जीप गेली की पाणी गेलं."

ताईने पदर खोचला आणि मला बाजूला घेतलं. "हे बघ, आम्ही दारं धरून पाणी सरीसरीत फिरवतो. झेंडू भिजेपर्यंत त्या बाईला हलू द्यायचं नाही. आयुष्यात एकदा तरी तुझ्या इंग्रजीचा घराला उपयोग होऊ दे."

साहेबांच्या जीपमधून बाई आल्या. उंच, चिखलाचे बूट, बोलायला कमी. पाणी मोजायच्या खाचेपाशी वाकून त्यांनी बराच वेळ काही पाहिलं. पाणी आजच सुटलंय हे त्यांना कळलं की काय, अशी मला शंका आली. साहेबांना घाई होती, पण गावाने शाल काढली, नारळ काढला, दोन भाषणं झाली. बाईंनी एक वाक्य विचारायचं, शेतकऱ्याने "व्हय" म्हणायचं आणि मी त्या "व्हय"चं भाषांतर पाच मिनिटं करायचं. कालव्याचा इतिहास सांगून झाला. इंग्रजी संपलं तेव्हा मी रजेच्या अर्जातली वाक्यं वापरली. "आपणास नम्र विनंती" हे मी किती वेळा म्हणालो, देव जाणे. साहेब माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.

"निघायचं का?" त्यांनी विचारलंच.

"अगंबाई, ओटी भरायची राहिली की!" ताईची जाऊ ओरडली. ओटीला नाही म्हणणार कोण? तांदूळ आणायला म्हणून ती गेली ती कितीतरी वेळ फिरकलीच नाही.

शेवटी बाई ताईच्या शेताच्या बांधावर आल्या. अर्धंअधिक रान काळंभोर भिजलेलं, पलीकडच्या सऱ्या अजून पांढऱ्या. त्यांनी विचारलं, "हे पाणी उद्याही इथे असेल का?"

"हो म्हणा," साहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

दाजी गुडघाभर चिखलात उभे होते. मी मराठीत विचारलं. फावड्यावर रेलून ते म्हणाले, "त्यांना इचारा, उद्या मुक्काम हाय का?"

दिवसभरात तेवढं एकच वाक्य मी न वाढवता, न कापता सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पांढऱ्या सऱ्यांकडे पाहिलं, साहेबांच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बांधावर बसल्या आणि आणखी एक चहा मिळेल का, म्हणाल्या. आधीचा पेला त्यांनी तोंडाला लावून तसाच ठेवला होता, हे मी पाहिलं होतं.

शेवटची सरी भिजली तेव्हा दाजींनी फावडं उचलून मला खूण केली. जीप गेली. ऊन कलायच्या आत चारी कोरडी पडली.

पाडव्याला आमच्या गुढीला ताईकडचा झेंडू होता. बाईंना सगळं कळलं होतं, की त्यांना खरंच चहा हवा होता? दाजी म्हणतात, चहासाठीच बसली. मला तसं वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला आमच्याकडे किंमत नाही.

पाण्याच्या पुढच्या पाळीला दाजी थेट कारखान्याच्या फाटकावर आले.

"पाहुणे, त्या बाईला परत बोलवा."

"आता कशाला?"

"पाणी सुटलंय म्हणत्यात. आमच्यापर्यंत नाय आलं."

"आणि संस्थेची सही?"

दाजींनी टोपी नीट केली. "ती येऊ द्या. चारी भरली की करतो, तिच्यासमोर."