न वाढणारा परीक्षार्थी

आजही एखादे शाळकरी पोर समोर उभे राहून घाईघाईने आपले पूर्ण नाव सांगू लागले, की मला बारामतीची ती घटना आठवते आणि मी त्याला मध्येच थांबवतो. घरच्यांना माझ्या या सवयीचे कारण माहीत आहे. वाचकांना आज सांगतो. कोणाचेही नाव मात्र लिहिणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फौजदार म्हणून माझी बारामती भागात नुकतीच बदली झाली होती. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता. हंगामात आमच्या ठाण्याचे काम ठरलेले असे. सकाळी हजेरी, मग रात्रीतल्या ट्रॉल्यांच्या अपघातांचे पंचनामे, नंतर उसाच्या गाड्यांनी अडवलेला रस्ता मोकळा करणे. अशा एका सकाळी एक शिक्षिका ठाण्यात आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"तक्रार नाही साहेब," त्या म्हणाल्या. "एक मुलगा आहे. त्याचं वय वाढत नाही."

आमचे हवालदार मुरलेले गृहस्थ. सगळे ठाणे त्यांना तात्या म्हणे. ते लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, आमच्या गल्लीत बी हायती तसली. बाप साडेचार फूट, मग पोरगं कुठनं वाढायचं?"

बाई हसल्या नाहीत. परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून त्या वेगवेगळ्या केंद्रांवर जात. दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या एका केंद्रावर चौथीचा एक मुलगा त्यांच्या खोलीत होता. पेपर मिळाला की तो आधी दोन्ही तळहात बाकावर पालथे ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग कुठेही न थांबता सोडवायचा. ती लकब त्यांच्या लक्षात राहिली. पुढच्या वर्षी तोच मुलगा त्यांना बारामतीत दिसला. नाव वेगळे, इयत्ता चौथीच. आणि गेल्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तो तिसऱ्यांदा दिसला. नाव तिसरेच.

"तेव्हा माझ्या वर्गात असलेली मुलं आता माझ्या खांद्याला लागलीत," बाई म्हणाल्या. "हा आहे तेवढाच आहे. मी घाबरून त्याच्याकडे परत पाहिलंसुद्धा नाही. येत्या रविवारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा आहे. तो येणार."

तात्यांचे लिहिणे थांबले होते.

रविवारी मी आणि तात्या साध्या कपड्यांत केंद्रावर गेलो. बाईंनी एकच अट घातली होती, की पेपर संपेपर्यंत त्याला उठवायचे नाही, बाकीची मुले घाबरतील. मी खिडकीतून पाहिले. बारीक कापलेले केस, पांढरा शर्ट, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे खांदे. तळहात पालथे, डोळे मिटलेले. शेजारची पोरे पेन्सिली चावत होती, घाम पुसत होती. या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. पेपर झाल्यावर आम्ही त्याला बाजूला घेतले. फाटकाबाहेर एक जीप उभी होती. आम्हाला पाहून ती निघून गेली.

ठाण्यात मी त्याला नाव विचारले. तो ताठ उभा राहिला आणि एका दमात त्याने नाव, वडिलांचे नाव, गाव सांगितले. वडिलांचे खताचे दुकान, घरी दोन जर्सी गाई, धाकट्या बहिणीचे नाव. ती अंगणात पडली तेव्हा तिच्या कपाळाला टाके पडले होते, हेसुद्धा. इतके तपशील खोटे सांगता येत नाहीत, असा माझा तोवरचा अनुभव होता.

आम्ही इंदापूर रस्त्यावरच्या त्या गावी गेलो. खताचे दुकान होते. गोठ्यात दोन जर्सी गाई होत्या. दार एका छोट्या मुलीने उघडले, तिच्या कपाळावर टाक्यांची खूण. तिच्यामागून तिचा भाऊ आला. बारीक कापलेले केस, पांढरा शर्ट. मी नाव विचारले. त्याने तेच नाव सांगितले.

परत निघताना तात्या आमच्या जीपमधून वळून त्या घराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मग आपल्या ठाण्यात बाकड्यावर बसलंय ते कोन हाय?"

ठाण्यात बोलावल्यावर त्या दुकानदाराने तासाभरात कबूल केले. जळोचीच्या बाजूला एक सर मुलांना घरी ठेवून प्रवेश परीक्षांची तयारी करून घेत. त्यांच्याकडची बरीच मुले पास होत, म्हणून लांबून लोक मुले आणून सोडत. ज्यांची मुले कच्ची आणि पालकांची घाई मोठी, त्यांच्याशी सर वेगळे बोलत, आणि पैसे घेऊन त्यांच्या मुलाच्या जागी या मुलाला पेपरला बसवत. सगळ्या मुलांचे केस एकसारखे कापलेले, शर्ट एकसारखे, फोटो एकाच पद्धतीने काढलेले. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत एक पोर दुसऱ्यापासून ओळखू येत नसे.

सरांना चौकशीला बोलावले; केंद्राबाहेरून निघून गेलेली जीप त्यांचीच होती. धुतलेला सदरा, मृदू आवाज, नमस्कार करण्यात नम्रता. मला खरे सांगायचे तर त्यांच्यासमोर आवाज चढवणे जड गेले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मोरगावकडच्या कोरडवाहू गावात आमच्या गुरुजींनी मला स्वतःच्या ओसरीवर बसवून गणित शिकवले, बदल्यात कधी काही घेतले नाही. शिक्षक म्हटला की माझे हात आपोआप जुळतात.

"मुलगा कोणाचा?" मी विचारले.

"अनाथ आहे साहेब. मी सांभाळला. शिकवला."

"त्याचं नाव काय?"

सर हसले. "त्यालाच विचारा ना. माझ्यापेक्षा चांगलं सांगेल."

मी मुलाला पुन्हा विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे, आणि अगदी शांतपणे मला विचारले, "कोणतं सांगू?"

मी म्हणालो, "तुझं."

मग त्याने दुसरे एक नाव सांगितले. वडील एसटीत वाहक, आजोबा आंधळे, घरामागे लिंबाचे झाड. मी पुन्हा म्हणालो, "हे नाही, तुझं." त्याने तिसरे सांगितले, मग चौथे. प्रत्येक वेळी त्याचा आवाज किंचित बदलत होता. एक पोर भेकड होते, एक चुरचुरीत, एक अडखळत बोलणारे. भर दुपारी, ठाण्यात माणसांची ये-जा चालू असताना माझ्या अंगावर काटा आला. खोलीत एकच मुलगा होता आणि इतकी मुले बोलून गेली होती.

सरांनी त्याला प्रत्येक मुलासोबत काही दिवस राहायला लावले होते. त्याचे घर, त्याची माणसे, त्याची बोलण्याची ढब पाठ करायची. केंद्रावर कोणी विचारलेच तर चुकायला नको. परीक्षा झाली की पुढचा मुलगा.

सरकारी दवाखान्यात वयाची तपासणी झाली. डॉक्टरांनी बॅटरीने त्याच्या तोंडात पाहिले आणि मला बाहेर बोलावले. "याच्या मागच्या दाढा आल्यात. हा नऊ वर्षांचा नाही. तेरा-चौदाचा आहे. याला खायला कोण घालतं?"

सरांच्या क्लासमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी उत्तर दिले. "बाकीच्या पोरास्नी दूध, अंडी. त्याला अर्धी भाकरी. सर म्हनायचे, हुशार पोरानं जास्त खायाचं नसतं, झोप येती. म्या येकदा गुपचूप अख्खी दिली, तर त्यानंच अर्धी परत ठेवली. म्हनला, मावशी, मला वाढायचं न्हाय."

हे ऐकल्यावर माझे हात जुळायचे थांबले. गुन्हा नोंदला. तोतयेगिरी, फसवणूक, मूल डांबून ठेवणे. सर कोठडीत गेले. पण मुलगा कोणाचा, हे सर सांगेनात, आणि मुलाला ते आठवत नसावे किंवा आठवू नये असे वाटत असावे. निरीक्षणगृहाकडे त्याला पाठवावे लागणार होते. तिथे गेला की तो कोणत्या नावाने नोंदला जाणार, या विचाराने मला चैन पडेना. तात्यांनी त्याला तोवर आपल्या क्वार्टरवर ठेवले. दिवसा तो ठाण्याच्या व्हरांड्यात हाताची घडी घालून बसे. कोणी कोणालाही हाक मारली की उठून म्हणे, "हजर."

ठाण्यासमोर रस्ता कालव्याच्या पुलावर चढत जातो. एका सकाळी उसाने भरलेली बैलगाडी त्या चढावर अडली. बैलांचे खूर घसरले आणि गाडी मागे येऊ लागली. गाडीवान ओरडला. आम्ही उठेपर्यंत व्हरांड्यातून मुलगा पळाला. रस्त्याकडेचा दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला, चाकामागे सरकवला, आणि हात झटक्यात मागे घेतला. गाडी थांबली. बैलांनी दम घेतला. गाडी पुढे सरकली तसा त्याने दगड उचलून पुन्हा लावला. असे करत गाडी पुलावर चढवून तो परत आला आणि बाकावर हाताची घडी घालून बसला.

हंगामात मी रोज ते पाहत होतो. ऊसतोड कामगारांच्या गाडीमागे त्यांची लहान पोरे दगड घेऊन चालतात. चढ आला की चाक अडवायचे आणि बोटे वाचवायची. हे कोणत्याही शिकवणीत शिकवत नाहीत. दुकानदाराच्या पोराला ते येणार नाही, वाहकाच्याही नाही. इतक्या घरांचे आयुष्य पाठ केले, तरी याच्या हातांना स्वतःचे घर आठवत होते.

"तात्या, जीप काढा," मी म्हणालो.

माळेगावच्या बाजूला कामगारांच्या कोप्यांची, म्हणजे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपड्यांची, वस्ती होती. आम्ही कोपीकोपीतून एकच गोष्ट विचारत गेलो, कोणी आपले पोर शिकायला ठेवले आहे का. पोलीस पाहून माणसे गप्प होत. शेवटी चुलीपाशी बसलेली एक बाई पदर सावरत उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो अभिमान.

"माझं हाय साहेब. पुन्याला हाय, मोठ्या शाळंत. हंगामाला आलो तवा सरांनी मागून नेलं. म्हनले, लेकराला लई डोकं हाय, कोयत्यामागं घालवू नका. भेटू देत न्हाईत, नियम हाय म्हनं. पर दरसाली निरोप धाडत्यात. प्रत्येक परीक्षेत पहिला येतो माजा."

यातले शेवटचे वाक्य खरे होते. तात्यांनी तोंड फिरवले.

दरवर्षी ही बाई इथेच ऊस तोडत होती आणि मुलगा दोन-चार कोसांवर होता.

ठाण्यात ती दारातच थबकली. नेला होता तेवढाच मुलगा समोर बसला होता. तिच्या धाकट्या पोराने तोवर उंचीत त्याला गाठले होते. ती भ्यायली. मी ते स्पष्ट पाहिले. आई आपल्या पोराला भ्यायली. मग तिने हळूच त्याला त्याच्या नावाने हाक मारली.

तो उठला. "हजर," म्हणाला. आणि पुढची माहिती सांगण्यासाठी ताठ उभा राहिला.

तिने काही विचारले नाही. ओचा सोडून फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी काढली, त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती बरोबर मधोमध मोडली. अर्धी खाल्ली आणि अर्धी फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे धरली.

"खा की सगळी," ती म्हणाली.

"सगळी खाल्ली तर वाढंन मी."

"वाढ की मग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "वाढ की रं. कुनी धरलंय तुला?"

त्याने फडके पुन्हा उलगडले. मग त्याने एक घास तोडला आणि चावता चावता पहिल्यांदा रडायला लागला. रडताना त्याचा आवाज फाटला, वयात येणाऱ्या मुलाचा फाटतो तसा. तो आवाज आम्ही कोणी आधी ऐकला नव्हता.

खटला चालला, शिक्षा झाली. मुलगा आईबरोबर गेला. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी त्यांच्या गावाजवळच्या शाळेत त्याची सोय केली, या खेपेला त्याच्याच नावाने. त्या मुलाची उंची पुढे फारशी भरली नाही, असे ऐकले.

चौकशीत प्रश्न विचारणे हे माझे आयुष्यभराचे काम. पण पाठ केलेल्या उत्तराला प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, हे मला त्या मुलाने शिकवले. माझे गुरुजी ओसरीवर गणिताला बसवण्याआधी विचारायचे, "जेवलास का रं?" तेव्हा मला वाटे, हे नुसते बोलणे. आता वाटते, त्यांची खरी परीक्षा तीच होती. म्हणून एखादे पोर समोर येऊन धडाधड नाव सांगू लागले की मी हात वर करतो. नाव नंतर, म्हणतो. आधी सांग, जेवलास का? पोटभर?