फाटकावरची कागदी कुलपं

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणायचे, कारण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कुणाचं काही ऐकूनच घ्यायची नाही. कपड्यांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची, धाकटी बहीण शेजारच्या मशीनवर. आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ही खिडकीतून उडी मारून वाचली. धाकटी आतच राहिली. "दार उघडंच होतं," मालक म्हणाला. तेव्हापासून तर तिचा कुणावरच विश्वास उरला नाही.

मग कुठूनशी एक कागद करणारी बाई आली. वाचलेल्या बायकांना शाळेच्या रिकाम्या वर्गात जमवून म्हणाली, "कामावरचे जुने एप्रन आणा. लगदा करून कागद बनवू. आपलं म्हणणं त्यावर उमटवू."

"एप्रन म्हणजे आपण तिथं कामाला होतो याचा पुरावा," फौजदारीण शेजारणीच्या कानाला लागली. "हिला मालकानंच धाडलं असणार." बाई फोनवर कुणाशी बोलते, उरलेल्या चिंध्या कुठं नेते, सगळ्यावर तिचा डोळा. एकदा तर ती बाईच्या मागोमाग घरापर्यंत गेली.

बाई वळली. "आत येताय, की रस्त्यातच झडती घेणार?"

फौजदारीण ओशाळली, पण हटली नाही. "तुम्हाला यातून काय मिळतं?"

"भाऊ खाणीतल्या अपघातात गेला माझा. त्याचे कपडे जपून ठेवले, तर कसर लागली. पहिला कागद त्यांचाच केला."

"हे खरं कशावरून?"

"नका मानू. येऊन बघा."

फौजदारीण धाकटीचा घरी राहिलेला एप्रन घेऊन गेली. अर्धा कापून आधी पिशवीत परत घातला, उरलेला स्वतः फाडला. लगद्यात हात घातले आणि तिला हुंदका आवरेना. आगीनंतर ती पहिल्यांदाच रडली, सगळ्यांदेखत. कुणी गप्प केलं नाही. मग ओल्या कागदात तिनं एक कुलूप दाबून उठवलं. ते पाहून बाकीच्यांनीही उठवली.

बायकांनी ते कागद कारखान्याच्या फाटकावर टांगले. मालकाच्या माणसांनी ओरबाडले. यांनी नवे टांगले. जाणारे-येणारे थांबून विचारू लागले. एक दिवस कारखान्याचा जुना पहारेकरीच समोर आला. मान खाली घालून म्हणाला, "कुलूप मीच लावलं होतं. मालकाच्या सांगण्यावरून."

"इथं नको बोलू," फौजदारीण म्हणाली. "आगीची चौकशी करणाऱ्या साहेबांपुढं बोल." वाटेत पळेल म्हणून तिनं त्याची बाही शेवटपर्यंत सोडली नाही.

तो बोलला, आणि मालकावर खटला उभा राहिला. अजून चालू आहे. स्वतःच्या वकिलाचाही तिला भरवसा वाटत नाही, पण झोप आता लागते.