शांतता भांडून मिळवणाऱ्या मेश्राम सिस्टर

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावले आहे की लेख सौम्य असावा. क्षमा असावी; ज्यांच्यावर लिहायचे त्या सौम्य असत्या तर हा ग्रंथ निघालाच नसता.

रंजना मेश्राम सिस्टरांना मी प्रथम पाहिले ते स्टुलावर उभ्या असलेल्या. नागपुरातल्या आमच्या रुग्णालयात, लकव्याच्या वॉर्डात मी नवी परिचारिका म्हणून रुजू व्हायला आले होते, आणि सिस्टर वॉर्डाच्या मुख्य दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीत शिलाई मशीनचे तेल सोडत होत्या. "हे मेंटेनन्सवाल्यांना सांगायचं नं," मी म्हणाले. "दिवाळीपासून सांगून राहिली मी त्यायले," त्या वरूनच म्हणाल्या, "तू स्टूल धर." माझे प्रशिक्षण तिथेच सुरू झाले.

लकवा झालेल्या माणसाच्या मेंदूला विश्रांती लागते, हे आम्ही सगळ्याच पुस्तकात शिकलो होतो. सिस्टरांनी ते वॉर्डात आणले. ट्रॉलीला रबरी चाके आली, दुपारी रुग्ण झोपले असताना बादल्यांची आदळआपट बंद झाली. हार आणि कार्यकर्ते घेऊन रुग्णाला भेटायला आलेल्या एका पुढाऱ्यांचा हार त्यांनी ठेवून घेतला आणि कार्यकर्त्यांना जिना दाखवला.

पण खरी लढाई झाली ती लकडगंजच्या एका काकाजींसाठी. लाकडाच्या वखारीत लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. लकव्याने त्यांचा उजवा हात नेला आणि वाचाही नेली. समजत सगळे होते, शब्द तेवढा सापडत नव्हता. आपल्याकडे आजारी माणसाला पाहायला जायची रीत आहे, आणि लकव्याच्या माणसाची तर परीक्षाच घ्यायची रीत आहे. नातेवाईक पलंगाभोवती कडे करत आणि बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडत, "काकाजी, ओळखलं का मले? मी कोन हाये, सांगा नं!" काकाजी तोंड उघडत, पण तोवर दुसऱ्याच कोणी उत्तर देऊन टाकलेले असे. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. "काही समजत नाही आता त्यायले," असे म्हणून मंडळी त्यांना घरी न्यायच्या गोष्टी करू लागली.

सिस्टर कडाडल्या. "कान चांगले हायेत त्यायचे, ओरडता काहून? एकानं बसाचं, एक गोष्ट इचाराची, आन् मंग गुमान वाट पाहाची!" पलंगाजवळ त्यांनी फक्त काकूंना बसू दिले. काकाजींचा एक भाचा अजूनही सिस्टरांशी बोलत नाही. सिस्टरांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

त्यातच वॉर्डाच्या दाराबाहेर, तपासणीला आलेल्यांचे नंबर पुकारणारा भोंगा बसला. प्रत्येक नंबराला काकाजी दचकत आणि ओठांवर आलेले पुन्हा हरवून जाई. सिस्टरांनी अधीक्षकांना विनंती केली, पुन्हा केली, आणि मग सरळ जाऊन भोंग्याची तार काढली.

अधीक्षक स्वतः वॉर्डात आले. माणूस भला, पण बाहेर गर्दी चिडलेली. "सिस्टर, भोंगा आत्ता सुरू करा. नाहीतर मला तुमची बदली स्टोअरमध्ये करावी लागेल."

"करा सर. पन मी इथं हाये तोवर भोंगा वाजत नाही. बाकावर जाऊन नावानं बलावू लोकायले. माह्या पोरी जातीन."

तेवढ्यात काकूंनी काकाजींना विचारले, "चाय घेता?" आणि शिकवल्याप्रमाणे त्या गप्प राहिल्या. अधीक्षक काही बोलणार तोच सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवले. आम्ही सगळेच थांबलो. काकाजींचा जबडा हलला, अडकला, पुन्हा हलला.

"नाही," काकाजी म्हणाले.

काकू रडू लागल्या. ज्यांच्या वतीने सगळे गोत इतके दिवस हो म्हणत होते, त्यांनी स्वतःच्या तोंडाने नाही म्हटले होते. अधीक्षकांनी भोंगा उतरवायला सांगितला.

काकाजी पुन्हा लिलाव पुकारू शकले नाहीत. हे लिहिलेच पाहिजे, कारण "मग एवढ्या शांततेचा उपयोग काय?" असे विचारणारे आहेत. काकाजी आज भाजीत मीठ कमी पडले तर सांगतात, नातवाला रागावतात, नको ते नको म्हणतात. मला एवढा उपयोग पुष्कळ वाटतो.

माझ्या सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा सिस्टर स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी बसने कन्हानला आमच्या घरी आल्या. टीव्ही बंद केला, शेजाऱ्यांना अंगणात बसवले, सासऱ्यांना कूस कशी पालटून द्यायची ते सासूबाईंना शिकवले. निघताना म्हणाल्या, "बाई, तुमी बी झोपत जा थोडं." सासूबाईंना तोवर हे कोणीच म्हटले नव्हते, मीसुद्धा नाही.

आता सिस्टरांची साठी पूर्ण झाली, त्या निवृत्त होत आहेत. वॉर्डात टीव्ही येणार, भोंगाही परत येणार, अशी कुजबुज सुरू आहे. सिस्टर हुडकेश्वरच्या घरी राहणार आहेत, नागपूर सोडून चाललेल्या नाहीत, हे कुजबुजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्यांचे गुडघे धड राहोत, झोप शांत लागो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि त्यांच्या शंभरीचा लेखही मलाच लिहायला मिळो. भोंगा घेऊन येणाऱ्यांनी मात्र आधी आम्हाला भेटावे. सिस्टरांनी नाही म्हणायला फक्त काकाजींना शिकवलेले नाही.