कानटोपीच्या मापाचं हेल्मेट

हेल्मेट विकत घ्यायला मी कानटोपी घालून गेलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बदली होऊन नुकतेच बंगळूरला आलो होतो; घर राजाजीनगरात, ऑफिस जे. पी. नगरला, आणि डिसेंबरातल्या सकाळी मोटरसायकलवर माझे कान बधिर व्हायचे.

"टोपी निकालके देखिए, सर," दुकानदार म्हणाला.

मी त्याला समजावलं, की मी रोज टोपी घालूनच निघतो, मग माप टोपीसकट नको का घ्यायला? "सरी सर," म्हणजे कन्नडमध्ये 'बरं साहेब', म्हणत त्यानं दुकानातलं सगळ्यात महाग हेल्मेट माझ्या हाती ठेवलं.

घरी मी त्याच्या मजबुतीवर व्याख्यान दिलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि माझं डोकं?"

"अगं, तू मागे बसतेस."

"पडताना मी मागेच बसून राहणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी तिनं फुटपाथवरून एक पिवळं, स्वस्तातलं हेल्मेट आणलं. घालून मान गदागदा हलवली. "हलत नाही. चालेल." मी त्याचं नाव बादली ठेवलं.

फेब्रुवारीत ऊन वाढलं, कानटोपी कपाटात गेली आणि माझं हेल्मेट डोक्यावर फिरायला लागलं. मी उजवीकडे बघायचो, ते समोर बघायचं. पट्टा काचतो म्हणून तोही मी सैलच ठेवायचो. इतके पैसे मोजल्यावर चूक कबूल कोण करणार? खरं तर त्याहून जास्त टोचायचं ते हे, की महागडं माझ्या डोक्यावर आणि बादली तिच्या. पुढच्या महिन्यात तिलाही चांगलं घेऊ, असं मी दर महिन्याला ठरवत होतो.

एका संध्याकाळी घराजवळच्या वळणावर, बांधकामाच्या वाळूवरून गाडी घसरली. वेग फार नव्हता. मी उठलो तर डोकं मोकळं, हेल्मेट गटाराच्या दिशेनं घरंगळत चाललेलं. ती रस्त्यात नुसती बसून होती.

"अगं, बोल ना काहीतरी!"

समोरचे किराणावाले अण्णा पाणी घेऊन धावले. तिनं दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमच्या कपाळातून रक्त येतंय."

मला चार टाके पडले. तिचं कोपर सोललं होतं, डोक्याला काही नाही. पिवळ्या हेल्मेटला मात्र आरपार चीर गेली होती. डॉक्टरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "वेग जास्त असता तर हे टिकलं नसतं. पण डोक्यावर होतं. तुमचं कुठे होतं?"

"गटारात," मी म्हणालो.

घरी परतताना रिक्षात मला राहवेना. "उद्याच तुला चांगलं भक्कम हेल्मेट घेऊ. आधीच घ्यायला हवं होतं."

"घ्या," ती म्हणाली. "पण गाडी घसरली तेव्हा तुम्ही हँडल सोडून मला धरायला मागे हात केलात, म्हणून आपण आडवे झालो. पुढच्या वेळी दोन्ही हात हँडलवर ठेवा. तुम्हाला धरून मी बसलेली असतेच."