ठाकुर्लीचा ग्रह

ताऱ्यांच्या कामात शोध लागतो वर्षा-दोन वर्षांतून एखादा; चुका मात्र रोजच्या. त्यामुळे ठाण्याच्या कॉलेजातल्या आमच्या चौघांच्या लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्से जास्त. काम तसं सरळ आहे. ज्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो, त्याचा प्रकाश फोडून त्यातल्या काळ्या रेघा वाचायच्या. तारा किती तापलेला, केवढा मोठा, ते त्या रेघा सांगतात. ग्रह काही दिसत नाही, म्हणून ताऱ्यावरून त्याचं माप काढायचं.

पहिली फजिती माझीच. एका ताऱ्याच्या रेघा वर्षभराच्या ठेक्यात मागेपुढे सरकताना दिसल्या. फिरणारा ग्रह ताऱ्याला ओढतो, तेव्हा रेघा अशा हलतात. म्हणजे वर्षाला एक फेरी मारणारा ग्रह! मी पेढे घेऊनच लॅबमध्ये गेलो. सरांनी एक पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "आपल्या पृथ्वीची गती वजा केलीस ना?"

केली नव्हती.

"मग अभिनंदन. तू पृथ्वी शोधलीस."

पेढे मात्र कुणी परत केले नाहीत.

शहाडच्या निखिलची तऱ्हा वेगळी. कुठलाही तारा मोजण्याआधी प्रोग्राम सूर्यावर चालवून बघायचा, हा आमचा नियम. सूर्याचं उत्तर माहीत असतं ना. निखिलचा सूर्य भलताच थंड निघाला. दोन दिवस डोकं खाजवून तो म्हणाला, "सर, मला वाटतं सूर्याचंच एकदा परत चेक करायला पाहिजे." सरांनी खिडकीबाहेर हात काढला. "ऊन तर नेहमीसारखंच आहे रे."

वैशालीच्या वेळी मात्र आम्ही सगळेच घाबरलो होतो. तिची अख्खी पीएचडी एका छोट्या, खडकाळ ग्रहावर उभी. तिचे बाबा ठाकुर्लीतले जुने जमीनवाले. लेकीच्या ग्रहावर पाय ठेवायला जमीन आहे म्हटल्यावर त्यांनी नाक्यावर तिच्या फोटोचा बॅनरच लावला.

पुढच्याच महिन्यात त्या ताऱ्याच्या रेघांचा जास्त स्पष्ट पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, हातात आला आणि तारा आम्ही समजत होतो त्याहून बराच मोठा निघाला. समोरून जाताना ग्रह ताऱ्याचा जेवढा हिस्सा झाकतो तो तेवढाच, म्हणजे ताऱ्याबरोबर ग्रहही फुगला. खडक गेला, उरला वायूचा गोळा. थिसिस नव्याने लिहायचा होता, पण वैशाली रडली ती बॅनरच्या धास्तीने.

घरी तिने सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "मोजणी बरोबर हाय ना गो?"

"तीनदा केली, बाबा."

चौथ्या दिवशी नाक्यावर नवा बॅनर लागला. फोटो तोच, खाली ठळक अक्षरांत: "ग्रहावर जमीन नाही. आमच्या मुलीने तीनदा मोजलं. हार्दिक अभिनंदन!"