मुकं पळू नका

“मुकं पळू नका!”

मागून ही आरोळी आली की आमच्या गटातला प्रत्येक जण काहीतरी बोलायला लागायचा. कोणी महागाईवर, कोणी सुनेवर, कोणी कालच्या मॅचवर. काहीच सुचलं नाही तर लोक पाढे म्हणायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर तुम्ही सकाळी फिरायला येत असाल, तर बारा-पंधरा माणसं बडबडत पळताना तुम्ही पाहिली असतील, आणि हसलाही असाल. सगळ्यांच्या मागं, ओढणीची कमरेला गाठ मारून, छोट्या छोट्या पावलांनी एक बाई पळायच्या. आरोळी त्यांची.

आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. त्यांचं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. “बोलता यायलंय तोवर पळणं बरोबर. तोंड बंद पडलं की समजा गाडी तापली. मग हळू व्हा. घड्याळ बघू नका, शेजारच्याचं तोंड बघा.”

आता माझं सांगतो. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे आणि लहानपणापासून अडखळत बोलतो. त्यातही ‘प’ हे अक्षर माझ्या वाटेत धोंड्यासारखं पडलेलं असतं. आईनं पोखर्णीच्या नृसिंहाला नवस केला, मी झालो, म्हणून नाव ठेवलं प्रल्हाद. गाव परभणी, नोकरी पाटबंधारे. देवानं एक अक्षर जड दिलं आणि सगळा संसार त्याच अक्षरात मांडून दिला.

रक्तदाबाचं निमित्त झालं आणि मी पळायला जाऊ लागलो. मनात एवढंच होतं, की हे एक काम तरी न बोलता होईल. आणि पहिल्याच दिवशी सिस्टर माझ्या बाजूला आल्या.

“नवीन दिसता. नाव काय तुमचं?”

“प्र… प्र…”

अशा वेळी लोक काय करतात ते मला पाठ आहे. कोणी दुसरीकडं बघतं. बहुतेक जण मदतीला धावतात. “प्रकाश? प्रमोद? प्रदीप?” कोडं घातल्यासारखं. त्यांचा हेतू चांगला असतो, पण आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून निवडून घ्यायचं म्हणजे कसं वाटतं, ते त्यांना कळत नाही.

सिस्टर नुसत्या बाजूनं पळत राहिल्या. फाटक गेलं, ज्वारीचे प्लॉट गेले, पाण्याची टाकी आली. तिथं माझं नाव बाहेर पडलं.

“हं,” त्या म्हणाल्या, जणू मी लगेच उत्तर दिलं होतं. “मग प्रल्हादराव, काल काय भाजी केली होती घरी?”

घरी पालक होता. मी म्हणालो, “वांगं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा वांगं. तिसऱ्या दिवशीही वांगंच म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बायको वांगंच रांधायलीय का वो रोज? का तुमी सोपं सोपं सांगायलात?”

पकडला गेलो. मला हसू फुटलं, आणि हसता हसता गेल्या तीन दिवसांच्या भाज्या खऱ्याखुऱ्या सांगितल्या. पालक, पडवळ, पत्ताकोबी. प्रत्येकीला वेळ लागला. सिस्टरला कुठं जायची घाई नव्हती. त्या शेवटच्याच होत्या.

त्या हिवाळ्यात आमच्या गटानं शेजारच्या शहरातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नावं दिली. गटाचे पुढारी होते एक दातांचे डॉक्टर. माणूस उमदा, पण घाईचा. पळण्यात घाई, बोलण्यात घाई. त्यांनी वेळापत्रक केलं आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी सगळ्यांत लांब पल्ला ठेवला, गंगाखेडच्या रस्त्यानं पोखर्णीपर्यंत. तिथं नृसिंहाचं दर्शन, नाश्ता, आणि येताना एसटीनं परत. सगळ्यांच्या पिशव्या डॉक्टरांच्या गाडीत टाकल्या आणि ड्रायव्हर गाडी घेऊन पुढं गेला.

थंडी छान होती. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, मधूनच कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर. पंधरा किलोमीटरनंतर गट पांगला. जोरात पळणारे दिसेनासे झाले. मागं उरलो मी आणि सिस्टर. त्या मला मुलीच्या लग्नातली गंमत सांगत होत्या. व्याही रुसले, मग आचारी रुसला, मग…

मग त्या थांबल्या. म्हणजे पळायच्या थांबल्या नाहीत, बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, आठवत असतील. मी म्हणालो, “मग?”

“चुन्याची डबी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या थंडीत कपाळावरून घाम निथळत होता. नजर माझ्याकडं होती, पण मला बघत नव्हती. ही नजर मी ओळखत होतो. माझ्या आईला साखरेचा आजार आहे. एका दुपारी औषध घेऊन ती जेवायची विसरली, तेव्हा ती अशीच माझ्याकडं बघत भलतंच काही बोलली होती.

मी त्यांना धरून लिंबाच्या झाडाखाली बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

“बोला बोला! कुठं आहात?”

मला म्हणायचं होतं, पोखर्णीच्या अलीकडं, लवकर या. “पो… पो…”

“पोखर्णीला पोचलात? अरे वा! आम्ही मंदिरातच आहोत, या!” आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेना. दर्शनाच्या रांगेत असावेत.

आयुष्यात लोकांनी माझी किती वाक्यं पुरी केली असतील, गणती नाही. त्या दिवसाइतका राग मला कधी आला नव्हता. पण रागावत बसायला वेळ नव्हता. रस्त्यापासून पन्नास पावलांवर शेतातलं एक घर होतं. सिस्टरना झाडाला टेकवून मी पळालो. चार महिन्यांत तितक्या जोरात कधी पळालो नव्हतो. अंगणात एक बाई चुलीपुढं बसल्या होत्या.

पाणी मागायचं तर ‘प’. मी नुसता ओरडलो, “गूळ! मावशी, गूळ! बाईला चक्कर आली!”

मावशीनं आत जाऊन गुळाचा खडा घेतला आणि दुसऱ्या हातात तांब्या. आपल्याकडं नुसता गूळ कुणी कुणाला देत नाही, हे त्या दिवशी माझ्या कामी आलं.

आम्ही दोघांनी सिस्टरना गुळाचे बारीक बारीक खडे भरवले. मावशी त्यांचा घाम आपल्या पदरानं पुसत होत्या आणि तोंडानं रागवत होत्या, “एवढ्या वयात कशाला पळायचं वं माय? कोण मागं लागलंय?”

दहा-पंधरा मिनिटांनी सिस्टरच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी गुळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मी गप झाले होते का?”

“हो.”

“आणि तुमी ओळखलं.” त्यांनी माझं मनगट धरलं. नाडी बघतात तसं नव्हे, नुसतं धरलं. बराच वेळ सोडलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या.

मघाच्या फोनचं मी सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “आता डॉक्टरांना परत फोन लावा. सगळं सांगा, मगच ठेवा.”

डॉक्टरांनी या वेळी फोन उचलला. मी म्हणालो, “डॉक्टर, मधी बोलू नका.” आणि सांगितलं. पोखर्णीच्या अलीकडं, लिंबाखाली, सिस्टरला बरं नाही, गाडी आणा. वाक्याला किती वेळ लागला माहीत नाही. पलीकडून श्वासाचाही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या पुलाच्या कठड्यावर बसून सिस्टरनी सगळ्यांना खरं सांगितलं. आठ वर्षं त्या इन्शुलिन घेत होत्या. त्या सकाळी इंजेक्शन घेतलं, वाटेत खाऊ म्हणून भाकरी-चटणी पिशवीत ठेवली, आणि पिशवी गेली गाडीतून पुढं. “लोकाला शंभरदा सांगते, आजार लपवू नका. मीच लपवला. म्हटलं, सिस्टरलाच शुगर म्हटल्यावर पेशंट माझं काय ऐकतील?”

डॉक्टर माझ्याजवळ आले. “काल तुम्ही बोलत होता आणि मी…” पुढचं त्यांना येईना. मला ते वाक्य पुरं करता आलं असतं. मी थांबलो. शेवटी ते म्हणाले, “मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं.” मी मान हलवली, आणि आमचं मिटलं.

सिस्टरनी शर्यतीतून नाव काढलं. आम्ही आग्रह केला, त्यांच्या डॉक्टरांनीही सावकाश पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण त्या ऐकेनात. “मी पळाले की तुमी सगळे माझंच तोंड बघत पळाल. जा, आपापलं पळा.”

पण शेवटचे दोन आठवडे त्यांनी आम्हाला मोकळं सोडलं नाही. शेवटी शेवटी पळणं कमी करायचं असतं, पायांना विसावा द्यायचा असतो. आम्हाला मात्र भीतीनं उलटाच जोर चढला होता. त्या स्कूटीवर गस्त घालायच्या. एका सकाळी डॉक्टर गुपचूप स्टेडियमजवळ पळताना सापडले. सिस्टर स्कूटी हळू करत बाजूनं चालल्या. “डॉक्टर, दाढ काढल्यावर पेशंटला काय सांगता?”

“आराम करा म्हणतो.”

“मग?”

डॉक्टर वळले आणि चालत घरी गेले.

शर्यतीला त्या आमच्याबरोबर आल्या. गळ्यातल्या पिशवीत स्वतःचा डबा, बिस्किटं, साखर, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘मला शुगर आहे’. अठराव्या किलोमीटरला त्या उभ्या होत्या. तिथं माझं सगळं संपलं होतं. लाऊडस्पीकर, टाळ्या, काही ऐकू येत नव्हतं. त्या रस्त्यावर उतरल्या आणि माझ्या बाजूनं चालू लागल्या. हो, चालूच लागल्या. माझं पळणं त्या वेळी तेवढंच होतं.

“काय दुखायलंय?”

“पा… पा…”

उतार संपला, चौक आला. “पाय!”

“पायच दुखणार. पळायलाय कोण?” असं म्हणून त्या थांबल्या, आणि मी पुढं गेलो. उरलेले तीन किलोमीटर मी हसत पळालो की रडत, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण पुरे केले.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडं नागपूरला राहायला निघाल्या. आम्ही सगळे सकाळी परभणी स्टेशनवर गेलो. गाडीला अर्धा तास उशीर होता. नाश्त्यानंतर वीस मिनिटं चालायचा त्यांचा नेम, म्हणून त्या प्लॅटफॉर्मवर फेऱ्या घालू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर आम्ही बारा-पंधरा जण. एका हमालानं मला विचारलं, “कुणी पुढारी हाय का वो बाई?” मी म्हणालो, “आमची हाय.”

गाडी आली, सामान चढलं, गाडी हलली. सिस्टर दारात उभ्या राहून काहीतरी ओरडल्या. नेमका इंजिनानं भोंगा दिला. डॉक्टर म्हणतात, त्या “सावकाश!” म्हणाल्या. आमच्यातल्या एका प्राध्यापिकेला “जेवून पळा!” असं ऐकू आलं. यावरून आमच्यात अजून वाद होतो. मला ऐकू आलं ते असं, “बरं झालं, भेटलात!”

त्यांचा फोन येतो अधूनमधून. विचारलं तर लगेच सांगतील. पण त्या भलतंच काही म्हणाल्या असतील, तर? म्हणून मी विचारत नाही. आमच्यातलं कोणीच विचारत नाही.